घरची नस, परका स्नायू

माणूस झोपला की हात सैल पडतो, मान कलते, जबडा किंचित उघडतो. अंगातले बहुतेक स्नायू त्या वेळी सुट्टीवर असतात. गुदद्वाराभोवतीचा बाहेरचा स्फिंक्टर मात्र जागा राहतो. १९५३ मध्ये फ्लॉइड आणि वॉल्स या दोघांनी त्या स्नायूतले विद्युतसंकेत टिपले, तेव्हा दिसलं की माणूस स्वस्थ पडून असला तरी हे संकेत चालूच असतात. झोपेत ते मंदावतात, पण थांबत नाहीत. खोकला आला, शिंक आली, भरलेली बादली उचलली की हा स्नायू आपणहून आणखी आवळतो. शौचाला बसलं की आपणहून सैल होतो. दिवसभरात त्याची आठवणही होत नाही, यातच त्याचं काम चोख चाललं आहे हे आलं.

ज्यांचा हा ताबा गेला आहे त्यांना मात्र दुसरी कसली आठवणच राहत नाही. एसटीचा प्रवास, लग्नाची पंगत, देवळातली रांग, सगळीकडे आधी संडास कुठे आहे ते बघायचं. ‘कंट्रोल राहत नाही’ एवढं वाक्य डॉक्टरांपुढे उच्चारायला लोक वर्षानुवर्षं घेतात. बायका तर नवऱ्यालाही सांगत नाहीत.

शस्त्रक्रियांची वर्णनं वाचायला मला आवडतात. त्यांतल्या बहुतेकांत हाताचं कौशल्य दिसतं. ज्यांत एक अस्सल कल्पना दिसते अशी थोडी. जपानमधल्या जिची वैद्यकीय विद्यालयातल्या साटो, कोनिशी आणि कानाझावा या शल्यचिकित्सकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया त्या थोड्यांत मोडते. ती फारशी कुणाला माहीत नाही, जगभर रूढही झाली नाही. तरी ती सावकाश, ओळीओळीने वाचावी अशी आहे.

प्रसंग असा. गुदाशयाच्या अगदी खालच्या टोकाला कर्करोग झाला आणि तो स्फिंक्टरला भिडला, तर गुदाशय, गुदद्वार आणि स्फिंक्टर सगळं काढून टाकावं लागतं. लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने १९०८ मध्ये ही पद्धत मांडली आणि तिने असंख्य जीव वाचवले. त्याची किंमत म्हणजे पोटावर कायमची पिशवी. जिचीच्या शल्यचिकित्सकांनी त्याच शस्त्रक्रियेत पुढचं पाऊल टाकलं. मोठं आतडं खाली ओढून मूळच्या जागी आणलं. नितंबाच्या मोठ्या स्नायूची, ग्लुटियस मॅक्सिमसची, खालची पट्टी सोडवून त्याच्याभोवती गुंडाळली. आणि त्या पट्टीची स्वतःची नस कापून ती प्युडेंडल नसेला, म्हणजे काढून टाकलेल्या स्फिंक्टरच्या नसेला, शिवली.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. स्फिंक्टर गेला, पण त्याला हुकूम पोचवणारी नस उरली आहे. तिचं कापलेलं टोक मांसात उघडं पडलं आहे आणि मज्जारज्जूतल्या पेशी त्या टोकापर्यंत संदेश पाठवतच आहेत. ऐकायला पलीकडे कुणी नाही. इतर शस्त्रक्रियांनी त्या टोकाकडे कचरा म्हणून पाहिलं. इथे तेच टोक सगळ्यात मौल्यवान ऐवज ठरलं. मला यात शल्यचिकित्सकाची खरी दृष्टी दिसते. काय गेलं हे सगळ्यांनाच दिसतं. काय उरलं हे बघणारा विरळा.

नसांची अदलाबदल ही काही नवी गोष्ट नव्हती. खांद्याजवळच्या नसा अपघातात तुटल्या की कोपर वाकवणाऱ्या स्नायूला दुसरीकडची नस आणून जोडतात. पॅरिसच्या ओबर्लिनने १९९४ मध्ये दाखवलेली युक्ती प्रसिद्ध आहे: हाताच्या पंजाकडे जाणाऱ्या नसेतली एक जुडी काढून बायसेप्सच्या नसेला द्यायची. तिथे स्नायू घरचा आणि नस परकी असते. म्हणून शिकायचं काम रोग्याच्या मेंदूवर येतं. सुरुवातीला कोपर वाकवायला मनगट वाकवायचा विचार करावा लागतो. जिचीच्या शस्त्रक्रियेत हाच व्यवहार उलटा आहे. नस घरची, स्नायू परका. शिकायचं काम रोग्याकडे नाही, स्नायूकडे आहे. माझ्या मते या शस्त्रक्रियेचा गाभा इथे आहे, आणि तो नीट कळायला आधीच्या दोन प्रयत्नांकडे बघावं लागतं.

१९५२ मध्ये अमेरिकेत पिकरेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चार मुलांवर केलेल्या शस्त्रक्रियांचं वर्णन छापलं. मांडीच्या आतल्या बाजूचा लांबट ग्रॅसिलिस स्नायू खालून सोडवायचा, त्याची नस आणि रक्तवाहिनी वरच्या टोकाला तशीच ठेवायची, आणि तो गुदद्वाराभोवती गुंडाळायचा. मुळात कल्पना सुरेख, पण नस जुनीच राहिली. ती मांड्या जवळ आणायचा हुकूम घेऊन येते. शौच आवरायचं तर मुलाने मांड्या आवळायच्या, आणि आवळून धरायच्या. ग्रॅसिलिसचे तंतू बहुतेक चपळ जातीचे, झटकन आवळणारे आणि लवकर दमणारे. शाळेतल्या एका तासाभरात असं मूल किती वेळा दमत असेल, हा विचार ते वर्णन वाचताना मनातून जात नाही.

दुसरा प्रयत्न नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टचा. बाटेन आणि सहकाऱ्यांनी त्याच गुंडाळलेल्या ग्रॅसिलिसला विजेचे हलके ठोके देणारं यंत्र पोटाच्या कातडीखाली बसवलं. सतत मंद ठोके मिळाले की चपळ तंतू हळूहळू बदलतात, न दमणारे होतात. हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आधीच ठाऊक होतं. १९९५ मध्ये त्यांनी ५२ रुग्णांचा वृत्तांत दिला आणि त्यांतल्या ३८ जणांना ताबा मिळाल्याचं सांगितलं. ही मोठीच मजल होती. पण शौचाला जायचं म्हटलं की यंत्र बंद करायचं, परत आलं की चालू करायचं. खोकला येणार आहे हे यंत्राला कळत नाही.

नस मात्र हे सगळं जाणते. न्यूयॉर्कच्या ब्रॉनिस्लाव ओनुफने १८९९ मध्ये मज्जारज्जूच्या खालच्या टोकाजवळ पेशींचा एक छोटा पुंजका दाखवला. प्युडेंडल नसेतून स्फिंक्टरकडे जाणारे तंतू त्या पुंजक्यातून निघतात. हात-पाय हलवणाऱ्या पेशींच्या शेजारीच तो आहे, तरी त्याची जातकुळी वेगळी. ए.एल.एस. या आजारात हात-पायांच्या पेशी एकामागून एक मरत जातात. माणूस अंथरुणाला खिळतो, गिळणंही अवघड होतं, पण ओनुफचा पुंजका बराचसा शाबूत राहतो, आणि अनेक रुग्णांचा शौचावरचा ताबा शेवटपर्यंत टिकतो. झोपेतही मंद संदेश पाठवत राहायचं, खोकल्याबरोबर तो वाढवायचा, बसलं की थांबवायचा, ही सगळी अक्कल त्या पेशींत आणि त्यांच्या वरच्या जोडण्यांत आहे. स्नायू तर फक्त ऐकतो.

आता शास्त्राची जी ओळ या शस्त्रक्रियेच्या खाली वाहते, ती कॅनबेराची. १९६० मध्ये बुलर आणि जॉन व रोझामंड एकल्स या बापलेकीने मांजरांच्या पायातल्या एका चपळ आणि एका मंद स्नायूच्या नसा आपसांत बदलल्या. नसा रुजल्यावर चपळ स्नायू मंद झाला आणि मंद स्नायू चपळ होऊ लागला. स्नायूचा स्वभाव स्नायूत पक्का कोरलेला नसतो. त्याला कोणती नस रोज काय सांगते त्यावर तो घडतो. ज्या नितंबाच्या स्नायूला जिना चढायचा, खुर्चीतून उठायचं, धावायचं एवढंच ठाऊक, आणि जो नुसतं उभं राहताना जवळजवळ स्वस्थ असतो, त्याला प्युडेंडल नस दिली तर तो रात्रपाळी शिकेल, अशी आशा धरायला हा भक्कम आधार होता. बाटेनच्या यंत्राने जे बाहेरून ठोके देऊन साधलं, ते इथे रोग्याच्या स्वतःच्या मज्जारज्जूकडून व्हायचं होतं, आणि सोबत खोकल्याचं भानही यायचं होतं.

या रचनेतली आणखी एक गोष्ट वाचणाऱ्याला भुलवते: भूगोल. प्युडेंडल नस त्रिकास्थीतल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुळांपासून बनते. ओटीपोटाच्या आत जन्मून ती लगेच मागच्या वाटेने नितंबात बाहेर पडते, बैठकीच्या हाडाच्या टोकदार काट्याला वळसा घालते आणि खालच्या वाटेने पुन्हा आत शिरते. पुढे स्नायूच्या अस्तरातला अल्कॉकचा बोगदा. तिथूनच तिची एक फांदी चरबीतून आडवी स्फिंक्टरकडे जाते. ग्लुटियस मॅक्सिमसला चालवणारी नस ओटीपोटातून बाहेर पडते ती याच मागच्या वाटेने, त्याच स्नायूच्या खालून. आणि ग्लुटियसची खालची कडा त्या चरबीच्या पोकळीला अगदी लागून आहे. नस आणि स्नायू जन्मापासूनचे शेजारी. आजवर त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता इतकंच. ग्रॅसिलिस मांडीतून ओढून आणावा लागतो, ही पट्टी मात्र वळवली की पोचते. निवड किती विचाराने केली आहे ते इथे कळतं.

मग शिवण. कापलेली नस उघड्या डोळ्यांना पांढरी दोरी वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती दोरी राहत नाही. बाहेर एक पातळ आवरण, आत तंतूंच्या जुड्या, आवरणावरून जाणारी एखादी बारीक रक्तवाहिनी. चिरडलेला भाग धारदार पात्याने थोडा थोडा कापत जायचा, निरोगी जुड्या टोकाशी किंचित फुगून बाहेर येईपर्यंत. तसं झालं की थांबायचं. धागा नायलॉनचा, ‘नाइन झिरो’ किंवा ‘टेन झिरो’, केसाहून बारीक. सुई चिमट्यात धरली तरी नजर हटली की हरवते. टाका फक्त बाहेरच्या आवरणातून घ्यायचा, आतल्या जुड्यांना सुई लागता कामा नये. रक्तवाहिनीची रेघ दोन्ही टोकांवर जुळवली की नस पिळली गेलेली नाही याची खात्री होते. टाके पुरतील तितकेच. प्रत्येक टाका एक व्रण मागे सोडतो आणि वाढणाऱ्या तंतूला व्रण ओलांडता येत नाही. आणि ताण अजिबात नको. ताणून शिवलेली नस शिवणीपाशीच मरते. म्हणून तर शेजारचा स्नायू हवा होता.

शिवण झाली म्हणजे नस जुळली असं मात्र नाही. ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं होतं की पेशीपासून तुटलेला तुकडा मरतो, विरघळतो. इथेही शिवणीच्या पलीकडचे, स्नायूकडचे तंतू मरणारच. उरतात त्यांच्या रिकाम्या नळ्या आणि त्यांतल्या, एरवी तंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशी. अलीकडच्या तंतूंना नवे कोंब फुटतात, ते त्या नळ्यांत शिरतात आणि पुढे सरकतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. शेतकरी रोप लावतो, मूळ धरायचं काम रोपाचं. शल्यचिकित्सकाचं काम लावणीपाशी संपतं. कोंब पोचेपर्यंत महिने जातात आणि तोवर स्नायू वाळत असतो. वर्ष-दीड वर्षापेक्षा जास्त उशीर झाला तर कोंब पोचूनही स्नायू त्याला ओळखत नाही. अंतर कमी ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

आवडत्या रचनेचे दोषही वाचले पाहिजेत. स्फिंक्टरच्या फांदीत हुकूम नेणारे आणि संवेदना आणणारे, दोन्ही प्रकारचे तंतू मिसळलेले असतात. ग्लुटियसची नस फक्त हुकूम नेणारी. शिवणीपाशी संवेदनेचे काही कोंब चुकीच्या नळीत शिरून वाया जाणार, हे अटळ आहे. त्याहून मोठी उणीव म्हणजे ताबा केवळ बाहेरच्या स्फिंक्टरमुळे नसतो. स्वस्थ असताना गुदद्वार मिटून ठेवण्याचं बरंचसं काम आतला गुळगुळीत स्नायू करतो आणि तो माइल्सच्या शस्त्रक्रियेत कायमचा जातो. गुदाशयाची साठवण जाते. सगळ्यात हळहळ वाटते ती गुदमार्गाच्या अस्तराची. १९६० मध्ये डूथी आणि गेर्न्स यांनी त्या अस्तरात संवेदी टोकांची केवढी दाटी असते ते दाखवलं. वारा सरतोय की पातळ आहे की घट्ट, हे ओळखणारी ती जागा. खाली ओढून आणलेल्या आतड्याला हे भान नाही. म्हणजे नव्या स्नायूला आवळायचा हुकूम मिळतो, पण कशासाठी आवळायचं ती खबर देणारं कुणी उरलेलं नाही. या शस्त्रक्रियेला पूर्ण ताबा परत देणारी म्हणणं अन्यायाचं होईल. ती एकच धागा जोडते, पण योग्य धागा जोडते.

ती पसरली नाही याला आणखी एक कारण आहे, आणि ते चांगलं आहे. त्याच दशकात कर्करोगाच्या शल्यचिकित्सकांनी स्फिंक्टर वाचवून खूप खालपर्यंत जोड द्यायला सुरुवात केली. ज्यांचा स्फिंक्टर काढावाच लागतो असे रुग्ण कमी झाले.

पण ताबा जाण्याची सगळ्यात घरगुती गोष्ट कर्करोगाची नाही, बाळंतपणाची आहे, आणि तिथे ही विद्या अडते. सुलतान आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये गुदद्वाराच्या आतून सोनोग्राफी करून पाहिलं, तेव्हा ७९ पहिलटकरणींपैकी २८ जणींच्या स्फिंक्टरमध्ये प्रसूतीनंतर फट सापडली. बऱ्याच जणींना तिचा पत्ताही नव्हता. फट शिवता येते. नसेचं तसं नाही. बाळाचं डोकं उतरताना खालचं सगळं मांस पुढे आणि खाली ताणलं जातं; प्युडेंडल नस मात्र त्या काट्यापाशी वळसा घालून अडकलेली. मिशिगनमध्ये २००५ मध्ये संगणकावर उभारलेल्या प्रतिमानात स्फिंक्टरकडची फांदी आपल्या लांबीच्या सुमारे ३५ टक्के ताणली जाताना दिसली. इतर नसांना १५ टक्क्यांपुढचा ताण कायमची इजा करतो असं मानतात. जो वळसा वर शल्यचिकित्सकाच्या सोयीचा म्हणून मी वाखाणला, तोच बाळंतिणीच्या जिवावर उठतो.

ही इजा मोजायचं साधन लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात घडलं, आणि ते हातात घेऊन बघण्यासारखं आहे. डॉक्टरच्या बोटावर चढवायची एक पट्टी; टोकाशी हलका झटका देणारे दोन बिंदू, बोटाच्या मुळाशी संकेत टिपणारे दोन. बोट आत घालून टोक हाडाच्या काट्यापाशी न्यायचं, झटका द्यायचा, आणि बोटाच्या मुळाभोवती स्फिंक्टर आवळल्याचा संकेत कधी येतो ते बघायचं. निरोगी नस साधारण दोन मिलिसेकंदांत उत्तर देते. पुढे लक्षात आलं की ही चाचणी फक्त सगळ्यात वेगवान तंतूंचं ऐकते. निम्मे तंतू गेले तरी उरलेले वेळेवर उत्तर देतात. आज तिच्यावर फारसा कुणी विसंबत नाही. पण बाळंतपणानंतर ताबा गेलेल्या बाईच्या तक्रारीला त्या दोन मिलिसेकंदांनी मोजता येण्याजोगं कारण दिलं, हे तिचं ऋण आहे.

ताणलेली नस तुटलेली नसते. आतले तंतू ठिकठिकाणी मेलेले, आवरण अखंड. शिवायला दोन टोकंच नाहीत. म्हणून अशा रुग्णांसाठी वाट निघाली ती दुरुस्तीऐवजी संवादाची: १९९५ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगनच्या मात्झेल आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांच्या त्रिकास्थीतल्या छिद्रांतून मुळांपाशी तारा नेऊन मंद विद्युतस्पंद दिले आणि ताबा सुधारला. ही पद्धत आज जगभर चालते, आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही होते. तिचा उपयोग मी नाकारत नाही. हजारो लोक तिच्यामुळे घराबाहेर पडू लागले. पण रसिक म्हणून माझा कल नसेच्या शिवणीकडेच राहतो. तारेला बॅटरी लागते, काही वर्षांनी ती बदलावी लागते. रुजलेली नस रोग्याचीच होऊन राहते.

शिवणीची ही कल्पना बाळंतिणींपर्यंत नेण्याचा एक धागा मार्सेच्या शरीररचनाशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये पकडला. अशा बाईच्या प्युडेंडल नसेत काही तंतू अजून काम करत असतात. ती नस कापून ग्रॅसिलिसला दिली तर उरलासुरला ताबाही जाईल. मग तिला कापायचंच नाही. ग्रॅसिलिसच्या नसेचं टोक आणून प्युडेंडल नसेच्या कुशीला शिवायचं, म्हणजे मूळ नस अखंड राहून तिच्या बाजूने नवे कोंब फुटतील आणि जुन्याबरोबर नव्या स्नायूलाही तोच हुकूम मिळेल. त्यांनी मृतदेहांवर मापं घेऊन ग्रॅसिलिसच्या नसेची प्युडेंडल नसेशी जोडणी तपासली. हे काम कागदावर छोटं आहे, पण पिकरेलच्या मुलांना ज्यासाठी मांड्या आवळून बसावं लागलं तो प्रश्न आणि ताणलेल्या नसेचा प्रश्न यांना एकाच शिवणीत आणणारं उत्तर त्यात आहे. कुशीतून फुटणारे कोंब पुरेसे असतील का, जखमी नसेला ते फुटतील का, हे जिवंत माणसाच्या बाबतीत सिद्ध व्हायला हवं. ते कुणीतरी धीराने, थोड्या रुग्णांवर, पण दीर्घ काळ पाठपुरावा करून करावं, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.